गादी बदलून कंबर वाचत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वणी, घुग्घुस, बल्लारपूर, उमरेड या पट्ट्यातल्या खुल्या कोळसा खाणींबद्दल आपल्या अंकात उत्पादनाचे आकडे येतात, धुळीबद्दल येते, जमिनीच्या मोबदल्याबद्दल येते. ६० आणि १०० टनी डंपर पाळीभर हाकणारा ऑपरेटर ज्यावर बसतो, त्या सीटबद्दल मात्र काही येत नाही. सीटची तक्रार आली की बहुतेक ठिकाणी स्टोअरमधून नवी गादी निघते, रेक्झिनचे कव्हर बदलते आणि तक्रार मिटल्याची नोंद वहीत होते. कंबर दुखायची ती दुखतच राहते. यामागचे यांत्रिक कारण आणि त्यावर आज मिळू शकणारा एक चांगला उपाय, म्हणजे नियंत्रित द्रवाचा डॅम्पर (हेलकावे आवरणारा, शॉकॲब्सॉर्बरसारखा भाग), यांबद्दल हे पत्र आहे. उपाय घेताना कुठे फसायला होते तेही लिहीत आहोत. चुकीचा निवडलेला महागडा डॅम्पर साध्या शॉकॲब्सॉर्बरपेक्षा वाईट ठरतो.

बसलेल्या माणसाचे धड उभ्या दिशेने सेकंदाला साधारण पाच हेलकाव्यांना, म्हणजे ५ हर्ट्झच्या आसपास, सर्वांत जास्त प्रतिसाद देते. उभ्या हादऱ्यांपैकी ४ ते ८ हर्ट्झचे हादरे कण्याला सर्वांत जाचतात ते यामुळेच. आता गादीकडे पाहा. जाड फोमवर माणूस बसला की त्या जोडीची स्वतःची लय, म्हणजे मोकळे सोडल्यावर सेकंदाला जितके हेलकावे होतात ती, ४ हर्ट्झच्या जवळपास येते. म्हणजे जिथे कंबर सर्वांत नाजूक, नेमके तिथेच गादी हादरा वाढवून वर पाठवते. गादी जितकी मऊ आणि जाड, तितके बसताक्षणी बरे वाटते. चार खेपांनंतरचे सांगता येत नाही. वरून घडी घातलेली चादर किंवा उशी ठेवली तर बसण्याची उंची वाढते, पाय पेडलवर अधांतरी राहतात आणि पाठीचा टेकू सुटतो. फोम दबून पत्र्याला टेकला असेल तर गादी जरूर बदलावी. पण तिच्याकडून हादरे कमी होण्याची अपेक्षा ठेवू नये.

ते काम गादीखालच्या कैचीचे (सीट वरखाली करणाऱ्या आडव्या-तिडव्या पट्ट्यांचे), हवेच्या बेलोचे (फुगणाऱ्या रबरी पिशवीचे) आणि डॅम्परचे. चांगल्या एअर सस्पेन्शन सीटची लय १.२ ते १.५ हर्ट्झ असते. कुठलीही स्प्रिंग तिच्या लयीच्या सुमारे १.४ पटीच्या वरचे हादरेच कमी करते. त्याखालचे ती जसेच्या तसे सोडते किंवा वाढवते. म्हणजे १.४ हर्ट्झची सीट २ हर्ट्झच्या पुढे उपयोगी पडते. डंपरची अडचण इथेच आहे. केबिनच्या फरशीवरच्या हादऱ्यांचा मोठा वाटा १ ते ४ हर्ट्झमध्ये असतो, आणि मोठा खड्डा किंवा डंपरमधून सांडलेला दगड चाकाखाली आला की जी उसळी बसते ती नेमकी सीटच्या लयीजवळ येते. रिकामा परतणारा डंपर तर भरलेल्याहून जास्त आपटतो, कारण वेग जास्त असतो आणि हलक्या वजनाला त्याचे सस्पेन्शन ताठ पडते.

साध्या तेलाच्या डॅम्परला इथे एकच मध्यममार्ग निवडावा लागतो. घट्ट ठेवला तर मोठ्या उसळीला सीट आवरली जाते, पण ४-५ हर्ट्झचा थरथराट सरळ वर येतो. सैल ठेवला तर थरथराट अडतो, पण मोठ्या खड्ड्यात सीट खालच्या रबराला धाडकन टेकते. हे टेकणे सर्वांत वाईट. तेवढ्या एका क्षणात जो दणका कण्यात जातो तो तासभराच्या सरासरीत दिसतही नाही. म्हणूनच मोजणी करताना सरासरीबरोबर व्हीडीव्ही (व्हायब्रेशन डोस व्हॅल्यू) हे चौथ्या घाताचे माप घ्यावे. त्यात असे दणके लपत नाहीत.

नियंत्रित द्रवाचा डॅम्पर हा मध्यममार्ग मोडतो. यातल्या एमआर (मॅग्नेटोरिओलॉजिकल, म्हणजे चुंबकाने घट्ट होणाऱ्या) द्रवाची कल्पना अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या जेकब रॅबिनो यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मांडली. ट्रक-बसच्या सीटमध्ये हे डॅम्पर १९९८ च्या सुमारास अमेरिकेत विक्रीला आले. म्हणजे प्रयोगशाळेतले खेळणे म्हणून बाजूला सारण्याजोगी ही वस्तू नाही. हायड्रोकार्बन किंवा सिलिकॉन तेलात काही मायक्रॉन आकाराचे शुद्ध लोखंडाचे गोल कण मिसळलेले असतात, आकारमानाने २० ते ४० टक्के. द्रव करडा-काळा आणि इतका जड की अर्ध्या लिटरच्या बाटलीत दीड किलोच्या आसपास भरतो. चुंबक लांब असताना तो तेलासारखा वाहतो. चुंबक जवळ आणला की कण रांगा धरतात आणि तोच द्रव घट्ट लोण्यासारखा उभा राहतो. चुंबक काढला की पुन्हा पातळ. डॅम्परच्या पिस्टनवर तांब्याच्या तारेची कॉइल असते आणि द्रव पिस्टनभोवतीच्या मिलिमीटरभर फटीतून जातो. कॉइलमधून एक-दोन अँपिअर सोडले की फटीतला द्रव घट्ट होतो. सीटच्या डॅम्परमध्ये फुलपात्रभरही द्रव लागत नाही, आणि कॉइलचा रोध ५ ओहम धरला तर १ अँपिअरला वीज लागते फक्त ५ वॉट. हालणारा व्हॉल्व्ह आत नाही, त्यामुळे धुळीच्या जागी तो टिकाऊ ठरू शकतो.

घट्ट कधी आणि सैल कधी, हा त्यातला खरा मेंदू. कार्नॉप, क्रॉस्बी आणि हारवुड यांनी १९७४ मध्ये मांडलेला स्कायहूक नियम सीटला चपखल बसतो. सीट वर चालली आहे आणि फरशीपासून दूर जात आहे, तर डॅम्पर घट्ट करा. तो सीटला मागे ओढून धरतो. सीट वर चालली आहे पण फरशी तिच्याहून वेगाने वर येते आहे, तर सैल करा. नाहीतर फरशीची उसळी डॅम्परमधूनच माणसाला लागेल. खाली जाताना हेच उलट्या दिशेने. यासाठी सीटवर एक त्वरणमापक आणि कैचीवर एक अंतरमापक पुरतो. अंतरमापकाचा दुसरा फायदा असा, की सीट तळाच्या रबराजवळ आली की प्रवाह आधीच वाढवता येतो आणि धाडकन टेकणे टळते. डंपरसाठी आम्ही या दुसऱ्या कामाला पहिल्याहून जास्त किंमत देऊ.

वेळेचा हिशेब मात्र कडक लागतो. ४ हर्ट्झचा एक हेलकावा २५० मिलीसेकंदांचा. त्याचा पाव भाग सुमारे ६० मिलीसेकंद. सेन्सर, कंट्रोलर, कॉइल आणि द्रव मिळून एकूण उशीर २०-२५ मिलीसेकंदांत राहिला तर नियम चालतो. तोच उशीर ६० वर गेला तर डॅम्पर सैल व्हायच्या वेळी घट्ट होतो आणि सीट साध्या सीटपेक्षा वाईट वागते. म्हणून विक्रेत्याने नुसत्या द्रवाचा प्रतिसाद सांगितला तर तो ऐकून सोडून द्यावा, सेन्सरपासून बलापर्यंतचा पूर्ण उशीर लेखी मागावा. प्रवाह एकदम चालू-बंद करणाऱ्या स्वस्त कंट्रोलरमध्ये प्रत्येक बदलाला बारीक झटका बसतो, ऑपरेटर त्याला ‘सीट ठोके मारते’ म्हणतो. प्रवाह चढत-उतरत बदलला पाहिजे.

आता सर्वांत दुर्लक्षित मुद्दा: वीज बंद असतानाचा विरोध. माहितीपत्रकात सगळे कमाल बल ठळक छापतात. सीटचे भवितव्य ठरते ते किमान बलावर. हिशेब सोपा आहे. ७० किलोच्या ऑपरेटरचे पाय फरशीवर असतात, म्हणून सीटवर त्याचे तीन चतुर्थांश, म्हणजे ५२ किलो वजन येते. सीटचा वरचा सांगाडा १८ किलो धरला तर हालणारे एकूण वजन ७० किलो. सील, बुश आणि द्रवाचा मिळून सीटपाशी ७० न्यूटन कोरडा विरोध असेल, तर फरशीचे त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग होईपर्यंत कैची हलतच नाही. तोवरचा सगळा हादरा, जणू सीट फरशीला वेल्डिंग केली आहे असा, माणसाला लागतो. पाळीतला बराच हादरा याहून खालचाच असतो. म्हणजे सीट महाग, डॅम्पर महाग, आणि नेहमीच्या रस्त्यावर फायदा शून्य. हलक्या वजनाच्या ऑपरेटरला हा त्रास सर्वांत जास्त.

जुन्या सीटमध्ये हा डॅम्पर बसवताना त्याची जोडणी यासाठीच नीट मोजावी लागते. छोट्या सीट डॅम्परचा प्रवास (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलण्याचे अंतर) साधारण ५३ मिमी, सीटचा १२० मिमी. तेव्हा कैचीवर डॅम्पर अशा जागी बांधावा लागतो की सीट १२० मिमी हलली तरी तो ५३ च्या आतच हलेल, म्हणजे गुणोत्तर ०.४४ च्या खाली. या गुणोत्तराने डॅम्परचा विरोधही सीटपाशी कमी होतो: डॅम्परमध्ये ४० न्यूटन असेल तर सीटपाशी १८ च्या आसपास. मात्र कैचीच्या दोन्ही टोकांना हे गुणोत्तर बदलते, त्यामुळे मध्यावर मोजून भागत नाही. सीट पूर्ण वर, मध्यावर आणि पूर्ण खाली नेऊन डॅम्परच्या दोन्ही टोकांच्या बांधणीच्या छिद्रांमधली लांबी तीनदा मोजावी, आणि दोन्ही टोकांना ३-४ मिमी मोकळे राहिले पाहिजेत. सीटचे रबर टेकायच्या आधी डॅम्परच तळाला लागला तर पिस्टनचा दांडा वाकतो आणि सील त्याच दिवशी जाते.

डंपरची वीज २४ व्होल्ट आणि बरेच सीट डॅम्पर १२ व्होल्टचे. मधे रोध टाकून व्होल्ट पाडण्याचा जुगाड करू नये. कॉइल तापली की तिचा रोध ५ ओहमवरून ७ च्या घरात जातो, प्रवाह घटतो आणि दुपारच्या पाळीत तीच सीट सैल लागते. प्रवाह मोजून तो राखणारा ड्रायव्हरच हवा, वेगळ्या फ्यूजसह. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बंद उभ्या डंपरची केबिन किती तापते हे इथे कोणाला सांगायला नको. ७० अंश सेल्सिअसच्या आसपास कमाल मर्यादा असलेल्या डॅम्परला सीटखाली, इंजिनाच्या उष्णतेजवळ, फारसा वाव उरत नाही. मर्यादेचा आकडा विचारून घ्यावा.

बिघडते काय? सर्वांत आधी तुटते ती तार. कॉइलची तार पिस्टनच्या पोकळ दांड्यातून बाहेर येते, आणि जिथे ती बाहेर पडते तिथेच पाळीत हजारो वेळा वाकते. वरचे आवरण शाबूत दिसते, आतले तांबे तुटलेले असते. सीट वर असताना चालते, खाली गेली की बंद पडते, ही त्याची खूण. मल्टिमीटर लावून सीट हळूहळू वरखाली केली की रोध उड्या मारताना दिसतो. तारेला दांड्यापाशी पक्का आधार आणि पुढे सैल वळण दिले तर हा बिघाड बराच लांबतो. दुसरे म्हणजे सील. लोखंडाचे कण घासतात, त्यात कोळशाची धूळ दांड्यावर बसली की सील लवकर जाते. दांड्यावर रबरी बूट हवाच, आणि डॅम्परवर प्रेशरचे पाणी मारू नये. तिसरे, द्रव जुना होणे. लाखो फेऱ्यांनंतर कणांचा पृष्ठभाग झिजून द्रव दाट होत जातो आणि वीज बंद असतानाचा विरोध वाढतो. हा बिघाड हळू येतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, सीट ‘कडक झाली’ एवढेच कळते. चौथे, कण तळाशी बसणे. डंपर महिनाभर दुरुस्तीत उभा राहिला तर चांगल्या द्रवातले कण चार-सहा वेळा सीट दाबताच पुन्हा मिसळतात. हलक्या दर्जाच्या द्रवाचा मात्र तळाला गोळा होतो आणि तो सुटत नाही.

आणि वीजच गेली तर? साधा एमआर डॅम्पर सैल पडतो, म्हणजे पुढच्याच खड्ड्यात सीट तळाला टेकते. म्हणून दोहोंपैकी एक पाहावे: डॅम्परमध्ये कायमचा चुंबक बसवून वीज नसतानाही मध्यम विरोध राहील अशी रचना, किंवा तळाला पुरेसे जाड, हळूहळू घट्ट होत जाणारे रबर. वीज गेल्याचा दिवा डॅशबोर्डवर हवा.

हे सगळे विकत घेण्याआधी आहे ती सीट जिवंत आहे का, ते तपासायला पाच मिनिटे लागतात. ऑपरेटरला नेहमीसारखे बसवावे, वजनाची कळ फिरवून सीट प्रवासाच्या मध्यावर आणावी, मग वरून दाबून सोडावी. एक-दीड हेलकाव्यात ती थांबली पाहिजे. तीन-चार वेळा झुलली तर डॅम्पर संपला. न झुलता चिकटल्यासारखी थांबली तर पिव्होटचे बुश जाम आहेत. धूळ काढून ग्रीस मारले की पुष्कळदा तेवढ्यावर भागते. बेलोची हवा रात्रभरात उतरत असेल तर गळती शोधावी. आणि वजनाची कळ प्रत्येक पाळीला फिरवलीच पाहिजे. पहिल्या पाळीत ५५ किलोचा ऑपरेटर आणि दुसरीत ९५ किलोचा त्याच सेटिंगवर बसला, तर दुसरा पाळीभर तळाच्या रबरावरच बसलेला असतो. त्याच्यासाठी सस्पेन्शन आहे काय आणि नाही काय. पाळी बदलताना ब्रेक, हॉर्न, टायर पाहतात, त्या यादीत ही कळ आलीच पाहिजे. हॉल रोडवर, म्हणजे खाणीतल्या वाहतुकीच्या रस्त्यावर, तो सपाट करणारा ग्रेडर वेळेवर फिरणे आणि सांडलेले दगड उचलणे यांची जागा तर कुठलीच सीट घेऊ शकत नाही.

खरेदीच्या निविदेत ‘आरामदायी सीट’ असे लिहिण्याऐवजी आकडा लिहावा. त्या आकड्याला सीट व्हॅल्यू म्हणतात: सीटवरचा भारित हादरा (माणसाला जास्त जाचणाऱ्या लयींना जास्त वजन देऊन काढलेला) भागिले फरशीवरचा. १ पेक्षा कमी म्हणजे सीट मदत करते, जास्त म्हणजे भर घालते. माती-खाणयंत्रांच्या सीटच्या आयएसओ ७०९६ चाचणीत जड डंपरच्या वर्गाला १.१ पर्यंत सूट आहे. म्हणजे प्रमाणपत्र मिळालेली सीटही हादरा थोडा वाढवणारी असू शकते! त्या प्रमाणपत्रावर समाधान मानून चालणार नाही. ही चाचणी ५२ ते ५५ किलोच्या आणि ९८ ते १०३ किलोच्या अशा दोन माणसांवर होते. अहवाल मागताना दोघांचे आकडे मागावेत, कारण हलक्या माणसाचा आकडाच घर्षणाची चुगली करतो.

याने फरक किती पडतो ते पाहा. समजा फरशीवर हादरा ०.९ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. सीट व्हॅल्यू १.१ असेल तर माणसाला ०.९९ लागतो. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या हिशेबाने ०.५ ला मालकाने उपाय सुरू करायचे असतात आणि १.१५ ही कमाल मर्यादा आहे. ०.९९ वर ०.५ ची पातळी दोन तासांत गाठली जाते. सीट व्हॅल्यू ०.७ असेल तर माणसाला ०.६३ लागतो आणि तीच पातळी गाठायला पाच तास लागतात. रस्ता तोच, डंपर तोच. मात्र आडव्या दिशेच्या गचक्यांना, म्हणजे भरताना शॉव्हेलच्या बकेटमुळे बसणाऱ्या आणि उताराच्या ब्रेकच्या, हा उभा डॅम्पर काहीच करत नाही, हे निविदा लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. डोझरसारख्या साखळीच्या यंत्रात मुख्य हादरे वरच्या लयीचे असतात. तिथे चांगली साधी सीटच पुरते, एमआरचा खर्च करू नये.

मालवाहू ट्रक आणि एसटीच्या चालकांची सीटही याच नियमांनी चालते, फक्त हादरे थोडे वरच्या लयीचे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गाच्या (साडेतीन टनांहून जड मालवाहू) ट्रकना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली आहे. चालकाला उन्हापासून वाचवणे हा खर्च आहे असे आता कोणी म्हणत नाही. घाटातून पाच-सात तास बसणाऱ्याच्या कण्याचा विचार त्याच नियमावलीत, सीट व्हॅल्यूच्या आकड्यासह, यावा अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

खाणींसाठी मागणी याहून सोपी आहे. नागपूरच्या राष्ट्रीय खाण-कामगार आरोग्य संस्थेने (ती राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन करण्याचा निर्णय २०१९ मध्ये झाला) खाणयंत्रांवरच्या कंपनांच्या मोजण्या केलेल्या आहेत, नागपुरात व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था आहे, पुण्यात एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था आहे; मोजायला बाहेर जावे लागत नाही. एकाच हॉल रोडवरचे सहा डंपर घ्यावेत: दोन आहेत तसे, दोन सीटची पूर्ण दुरुस्ती केलेले, दोन एमआर डॅम्परचे. फरशीवर एक आणि बसण्याच्या जागी रबरी चकतीतला एक, असे तीन दिशांचे दोन मापक लावून भरणे, भरलेली खेप, ओतणे आणि रिकामे परतणे असे पूर्ण चक्र हलक्या आणि जड अशा दोन्ही ऑपरेटरांवर मोजावे. वेग जीपीएसवर नोंदवावा, नाहीतर हळू चालवलेल्या डंपरची सीट चांगली ठरते. दुरुस्त केलेली साधी सीट आणि एमआरची सीट यांत फारसा फरक निघाला नाही तर एमआर घेऊ नये. आमचा अंदाज आहे की सरासरीत थोडा आणि दणक्यांत मोठा फरक निघेल. पहिली मोजणी बसवल्याच्या आठवड्यात घ्यावी आणि तीच मोजणी एक उन्हाळा व एक पावसाळा गेल्यावर, डॅम्परला हात न लावता, पुन्हा घ्यावी. विक्रेत्याचे बिल दुसऱ्या मोजणीनंतरच पूर्ण चुकते करावे.

आपले,
खाणयंत्रांच्या देखभालीत काम करणारे काही अभियंते,
चंद्रपूर